पाटीच्या पाठीवरचा लाल ठिपका

काकू, तुमच्या पाया पडायचं की तुमच्याशी भांडायचं, हे तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले तरी माझं ठरत नाहीये. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चांगलं बोलायला तोंड उघडतो आणि बाहेर येतं ते, "मला सांगितलं का नाहीत?" तुम्ही समोर असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "पाह्य बाप्पा, याचं झालं सुरू." आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागला असतात.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मी आपल्या छोट्या कॉम्प्युटरच्या एका बोर्डावरचं सेलचं घर उचकटलं. गोल सेल बसतो ना, तो काळा होल्डर. त्याच्या खाली तिळाएवढा एक रेझिस्टर चिकटवलेला होता. माझ्या सर्किटच्या नकाशात तो नाही. मी तो आखलेला नाही, मागवलेला नाही, कधी पाहिलेलाही नाही. मग मी दुसरा बोर्ड उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांत होता. मी तिथेच फरशीवर बसलो. आई येऊन विचारून गेली की बरं वाटत नाहीये का.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो नाइलाज म्हणून, हे तुम्हाला माहीतच होतं. सेकंड इयरला होतो. स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः बनवायचा, बाजारातले भाग आणून जोडायचा नव्हे, त्याचा बोर्डसुद्धा स्वतः आखायचा, असं खूळ डोक्यात शिरलं होतं. बोर्ड आखून, छापून आणला आणि चिप बसवताना लागोपाठ तीन जाळल्या. अठ्ठेचाळीस पाय असलेली चिप, एकेक पाय मुंगीच्या पायाएवढा. बुधवार पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानदाराने मला चौथी द्यायलाच नकार दिला. म्हणाला, ही जाळण्यापेक्षा आधी बिबवेवाडीला जाऊन या, तिथे वानखडे म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या हाताने होईल. पुण्यातला दुकानदार स्वतःहून गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवतोय म्हटल्यावर मी निमूट गेलो.

मला वाटलं होतं क्लास वगैरे असेल. जिना चढून आलो तर तुम्ही गॅलरीत बसून मेथी निवडत होतात. अकोल्याहून लग्न होऊन इथे आलात, हडपसरच्या कारखान्यात बावीस वर्षं रिवर्कच्या टेबलावर काढलीत, म्हणजे नापास झालेले बोर्ड भिंगाखाली घेऊन हाताने दुरुस्त करायचे ते काम. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी तुम्ही माझा जळका बोर्ड उजेडात धरलात, उलटा केलात, आणि विचारलंत, "काहून एवढा तापवला? पोळी भाजून राहिला होता का?"

मी कर्वेनगरचा. आमच्याकडे टोमणे आम्ही मारतो, खायची सवय नाही. पण चिप तुम्ही चार मिनिटांत बसवलीत. मी घड्याळ लावून बघत होतो.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी मी बिबवेवाडीला. आधी इस्त्रीचं टोक पुसायचं, मग काम. सोल्डरिंग आयर्नला तुम्ही इस्त्रीच म्हणायचात, आणि मीही आता तेच म्हणतो, कॉलेजात पोरं हसतात. श्वास सोडताना टोक टेकवायचं, घेताना नाही. हात थरथरला तर तो टेबलावर टेकवायचा, त्यात कमीपणा नाही. तुम्ही शिकवत होतात आणि मला वाटायचं मी शिकतोय ते माझं मीच. एका व्हिडिओवाल्याने मला मुलाखतीत विचारलं, कुठे शिकलात? मी म्हणालो, सेल्फ-टॉट. तुमच्या घरचा गोळाभात पोटात असताना म्हणालो. हे तुम्ही पाहिलंत का नाही, मला माहीत नाही. पाहिलं असेल तर बोलला नाहीत.

पाटी हे नाव तुमचं. तळहाताएवढा बोर्ड, त्याला घरातला जुना टीव्ही आणि कीबोर्ड जोडला की मुलांना प्रोग्रॅम लिहिता यावा, मराठीत टाइप करता यावं, एवढाच त्याचा जीव. मी म्हणालो, पुण्यात पाटी म्हटलं की लोकांना अपमान आठवतो. तुम्ही म्हणालात, आमच्या अकोल्याकडे पाटी म्हटलं की शाळा आठवते. विषय संपला.

भांडण झालं ते पाटी सगळ्यांसाठी खुली करण्यावरून. मी सांगितलं की आपण याचा नकाशा, भागांची यादी, प्रोग्रॅम, सगळं नेटवर टाकणार. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं, बनवावं, बदलावं. अट एकच, कोणाला चूक सापडली तर ती उघड लिहायची, लपवायची नाही. तुम्हाला फुकट देण्याचं काही वाटलं नाही. तुम्हाला खटकलं ते चुका उघड लिहिणं. तुम्ही म्हणालात, कारखान्यात रिवर्कचा एकच नेम असतो, बोर्ड आला की नीट करायचा, चूक कोणाची ते विचारायचं नाही. लाइनवरच्या पोरीचं नाव सुपरवायझरला कळलं की ती पोरगी दुसऱ्या दिवशी हात कापतच कामाला येते आणि आणखी चार बोर्ड बिघडवते. मी म्हणालो, काकू, तो कारखाना होता, हे ओपन सोर्स आहे, इथे चूक सांगण्यात लाज नसते. काय ऐटीत बोललो होतो मी! लाज नसते म्हणे.

आणि मग तो शनिवार. पहिले पाच नमुने तयार झाले होते. तुम्ही एक बोर्ड बंद-चालू, बंद-चालू करत बसलात, तीस-चाळीस वेळा. म्हणालात, हा मधूनच चालू होताना अडखळतो. मी म्हणालो, अ‍ॅडॅप्टर जुना आहे. तुम्ही दुसरा अ‍ॅडॅप्टर लावलात. पुन्हा बंद-चालू. मग नकाशावर बोट ठेवलंत.

"ही रिसेटची पिन तू मोकळी सोडली. इथं एक रेझिस्टर पाह्यजे."

मी डेटाशीट काढली. चिप बनवणारी कंपनी देते ते माहितीपत्रक, शंभरावर पानं. त्यातलं वाक्य तुम्हाला वाचून दाखवलं, की हा रेझिस्टर चिपच्या आतच असतो. इंग्रजीत वाचलं, काकू. मराठीत सांगता आलं असतं, मी मुद्दाम इंग्रजीत वाचलं, सावकाश, बोट फिरवत. तुम्ही त्या पानाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "असन बाप्पा," म्हणालात आणि चहा ठेवायला आत गेलात. मी जिंकलो होतो. चहा पिताना मी बरंच काही बोलत होतो.

त्या मंगळवारी मी डेटाशीटचं ते पान पुन्हा काढलं. त्याच वाक्याच्या दोन ओळी खाली लिहिलंय की आतला रेझिस्टर दुबळा असतो, खात्रीसाठी बाहेरून एक लावावा. दोन ओळी. मी तिथवर वाचलंच नव्हतं.

त्यानंतर आपण तीस पाट्या बनवल्या. मी मोकळे बोर्ड आणि भाग तुमच्याकडे ठेवून जायचो, पुढच्या शनिवारी तुम्ही डब्यात कापसावर मांडलेल्या तयार पाट्या द्यायचात. मी प्रोग्रॅम भरायचो, तपासायचो, ज्यांनी मागवल्या होत्या त्यांना पाठवायचो, उरलेल्या तुमच्याकडेच डब्यात राहायच्या. तीसच्या तीस चालल्या. एकही अडखळली नाही. मी नेटवरच्या आपल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पहिल्याच आवृत्तीत एकही चूक नाही. लोकांनी शाबासकी दिली. मी ती घेतली.

प्रत्येक पाटीच्या पाठीवर, कोपऱ्यात, तुम्ही लाल नेलपॉलिशचा ठिपका लावत होतात. मला वाटलं, कुंकू लावताय. नवीन वस्तूला आपल्याकडे लावतात तसं. मी तर त्याचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं की आमच्या काकूंच्या श्रद्धेपुढे सायन्स चालत नाही. शंभरेक लोक हसले. तुम्हाला तो फोटो मीच दाखवला. तुम्ही फोन हातात घेऊन बराच वेळ बघत होतात, मग म्हणालात, रंग छान आलाय. आता मी ते वाक्य उलटसुलट करून बघतो. तुम्हाला वाईट वाटलं होतं का? का तुम्ही मनातल्या मनात हसत होतात? काही पत्ता लागत नाही.

पुढे तक्रारी यायला लागल्या. आपल्या तीस पाट्यांच्या नव्हेत. नकाशा उतरवून ज्यांनी स्वतः बनवल्या त्यांच्या. कधी चालू होते, कधी नाही. मी उत्तर ठरवूनच टाकलं होतं, माझ्या तीस चालतात, म्हणजे दोष तुमच्या सोल्डरिंगचा. लातूरचे शिंदे सर आठवतात ना तुम्हाला, शाळेत शिकवतात, त्यांनी मुलांसाठी दहा बनवल्या आणि दहाच्या दहा अडखळत होत्या. त्यांचा मेल मी तुम्हाला वाचून दाखवला होता आणि माझं उत्तरही, मोठ्याने, मजा म्हणून. 'सर, आधी सोल्डरिंग शिकून घ्या, मग मुलांना शिकवा.' मला वाटलं तुम्ही हसाल.

तुम्ही इस्त्री स्टँडवर ठेवलीत. म्हणालात, "त्या मास्तरचा एक बोर्ड मागवून घे माह्याकडे."

मी म्हणालो, काकू, कोणाकोणाचे मागवणार? सोडा. तुम्ही म्हणालात, मागव तर खरं, तुला एक दाखवायचं आहे. मला परीक्षा होती, निघायची घाई होती. बघू पुढच्या शनिवारी, असं म्हणून मी जिना उतरलोसुद्धा. पुढच्या शनिवारी मी आलो नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी तुमच्या ज्योतीताईंचा फोन आला की आई गेली.

काय दाखवायचं होतं, काकू? मी त्या एका वाक्यावर तीन आठवडे डोकं आपटतोय. तेच दाखवायचं होतं ना? का सरांचा बोर्डही गुपचूप नीट करून परत पाठवणार होतात आणि मला भलतंच काहीतरी दाखवणार होतात, एखादी नवीन इस्त्री, सोल्डरसाठी लावायचा नवीन फ्लक्स?

तेराव्यानंतर ज्योतीताईंनी मला बोलावलं. तुमच्या मुलीशी मी दोन वर्षांत जेमतेम चार वाक्यं बोललो असेन. शिल्लक पाट्यांचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, काकू प्रत्येकीला कुंकू लावायच्या. त्या म्हणाल्या, "कुंकू? अरे, ती रिवर्कची खूण आहे. बोर्ड हाताने दुरुस्त केला की आई लाल ठिपका लावायची. आमच्या मिक्सरवरपण आहे." त्यांनी आत नेऊन मिक्सर उलटा करून दाखवला. होता. टेबलफॅनवरही होता.

मी बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला कळत होतं की घरी जाऊन काय सापडणार आहे. फक्त कुठे, ते माहीत नव्हतं.

मला सगळ्यात जास्त गोंधळ याचाच होतो. तुम्ही लपवलंत म्हणावं, तर खूण उघड्यावर होती, तीसच्या तीस बोर्डांवर, लाल. तुम्ही सांगितलंत म्हणावं, तर रेझिस्टर नेमका सेलच्या घराखाली, मी जन्मात उचकटलं नसतं अशा जागी. तिथून रिसेटची आणि विजेची, दोन्ही रेघा शेजारीशेजारी जातात, जागा सोयीची आहे, हेही खरं. म्हणजे सोय म्हणून तिथे लावलात? की मला दिसू नये म्हणून? तुम्हाला वाटत होतं का, की ठिपक्याचा अर्थ मला कळतो? की या पोराला ठिपका दिसूनही तो विचारत नाही, म्हणजे त्याला चूक मान्य आहे, फक्त तोंडाने म्हणवत नाही, असं तुम्ही समजत होतात? तसं असेल तर तुम्ही माझ्यावर दया करत होतात आणि मी तुमच्यावर विनोद. आणि मी हात कापत कामाला येईन, अशी भीती तुम्हाला वाटत असेल, तर मी त्या लाइनवरच्या पोरींपैकीच एक झालो. याचा राग यावा की बरं वाटावं? खरं सांगतो, सकाळी राग येतो आणि दुपारी रडू येतं.

पण तुम्ही माझं भलं केलंत, असं मी सरळ म्हणू शकत नाही, तेवढं ऐकून घ्या. तीस पाट्या नीट झाल्या आणि नकाशा चुकीचाच राहिला. लातूरच्या शाळेत एक माणूस महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसला. तुम्ही एकदा जरी ओरडला असतात, माझ्या डोक्यात टपली मारली असतीत, तर हे झालं नसतं. तुम्ही म्हणाल, मी सांगितलं होतं. हो, सांगितलं होतंत. एकदा. आणि मी तुम्हाला इंग्रजी वाचून दाखवलं. मग दुसऱ्यांदा कोण सांगेल?

आता लिहायचं होतं. चूक सापडली तर उघड लिहायची, हा नियम माझाच. आणि मला लिहवेना. नुसतं 'चूक माझी' असं लिहिलं, तर तीस पाट्या कशा चालल्या हा प्रश्न येणार. तुमचं नाव घातलं, तर लोक म्हणणार, या बाईंना माहीत होतं आणि त्यांनी लपवलं. नाव नाही घातलं, तर मी तुमचा रेझिस्टर चोरला. चार दिवस मी चार मसुदे केले. एकात तर मी असं लिहिलं होतं की दोष 'नंतर लक्षात आला'. ते वाचून माझी मलाच शिसारी आली.

शेवटी ज्योतीताईंना फोन केला. सगळं सांगितलं, डेटाशीटसकट. त्या म्हणाल्या, आईला नाव घातलेलं आवडलं नसतं. बावीस वर्षांत कुठल्याच बोर्डावर तिचं नाव नव्हतं, ठिपकाच होता. मी म्हणालो, मग नको घालू? तर म्हणाल्या, "घाल. तिला नाही आवडणार. मला आवडेल."

मग मी लिहिलं. नकाशात तुमचा रेझिस्टर घातला, दुसरी आवृत्ती टाकली, आणि वर लिहिलं: 'पहिल्या आवृत्तीत चूक आहे. ती माझी आहे. सुमन वानखडे यांनी ती पहिल्या पाच नमुन्यांतच दाखवली होती, मी ऐकलं नाही. आमच्या तीस पाट्या चालतात, कारण प्रत्येक पाटी त्यांनी हाताने दुरुस्त केली. ज्यांना मी सोल्डरिंग शिकायला सांगितलं त्या सगळ्यांची माफी मागतो. मी स्वतः ते वानखडे यांच्याकडेच शिकलो.' कुंकवाचा फोटो काढून टाकणार होतो, मग ठेवला. खाली खरा अर्थ लिहिला. बघू दे लोकांना मी काय आहे ते.

शिंदे सरांना मेल न करता फोन केला. मला वाटलं होतं झाडतील. त्यांनी फक्त विचारलं, रेझिस्टर किती किमतीचा, म्हणजे किती ओहमचा, आणि लावायचा कसा. मी सांगितलं. परवा त्यांचा फोन आला, नऊ चालू झाल्या. पोरांचा आवाज मागे एवढा होता की नीट ऐकू येईना. दहावी मात्र अजून अडखळते, म्हणाले. रेझिस्टर लावूनही.

मग ते म्हणाले, "वानखडे मॅडमना एक फोटो पाठवू का? त्यांना लगेच दिसेल."

मी ते लिहायचं विसरलो होतो, काकू. सगळं लिहिलं, तुम्ही नाही आहात एवढंच लिहिलं नव्हतं. सरांना सांगितलं. मागे पोरं ओरडतच होती. ते म्हणाले, मग तुम्हीच बघा.

फोटो आलाय. दोन दिवस बघतोय. मोठा करून, उलटा करून, उजेड कमी-जास्त करून. चिपचे सगळे पाय नीट बसलेले दिसतात. ठरलेली उत्तरं माझ्याकडे तीन-चार आहेत, आणि त्यातलं एकही खरं नाही, एवढं मला आता कळतं. आज दुपारी सरांना लिहिलं, 'सर, मला माहीत नाही. बोर्ड पाठवून द्या, समोर घेऊन बसतो.'

हे मी कोणालाही पहिल्यांदाच लिहिलं. तुमच्यासमोर एकदा म्हणायला हवं होतं.